ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न



कायद्याने एखाद्या वस्तूचे नाव बदलले, म्हणजे त्या वस्तूने घडणाऱ्या कर्माचेही नाव बदलते काय?

अमेरिकेत १९६८ साली बंदुकांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. त्यात एक विचित्र तरतूद आहे. १८९८ साली वा त्यापूर्वी बनलेली बंदूक, तसेच आज बनलेली परंतु जुन्या घडणीची, काडतूस न घेणारी, सुटी काळी दारू व गोळी ठासून भरावयाची बंदूक ही पुराणवस्तू समजली जाते. केंद्रीय कायद्यापुरती ती बंदूकच नव्हे! इटलीत बनलेली जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरची हुबेहूब प्रत तेथे टपालाने घरपोच मागविता येते. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत. पण जेथे ते नाहीत तेथे गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगलेला, आणि म्हणून साधे पिस्तूल बाळगण्यास बंदी असलेला मनुष्यही ती उशाशी ठेवू शकतो. काही जण ठेवतातही. विचारले तर सांगतात, स्वसंरक्षणासाठी.

ही बंदूक कशी चालते ते पाहू, कारण नीतीचा प्रश्न तेथेच दडलेला आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून काळी दारू होते. सोरा सुमारे पाऊण हिस्सा. रिव्हॉल्वरच्या सहा घरांपैकी प्रत्येकात दारू मापून ओतावयाची, तीवर शिशाची गोळी दाबून बसवावयाची, एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून वरून चरबी लावावयाची आणि मागे एकेक टोपी चढवावयाची. सवयीच्या माणसालाही यास काही मिनिटे लागतात. म्हणजे चोर दारात आल्यावर ही बंदूक भरता येत नाही. ती आधीच, शांत बसून, दिव्याच्या उजेडात भरून ठेवावी लागते. क्षणिक संतापाची सबब येथे चालत नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले; येथे तर चेतना दारूबरोबरच मापून भरलेली असते.

दुसरी गोष्ट धुराची. पहिला बार निघताच बंद खोलीत पांढरा दाट धूर कोंडतो आणि समोरचा माणूस पळाला, पडला की हात वर करून उभा राहिला, हे दिसत नाही. स्वसंरक्षणाचा सारा नैतिक आधार तर एवढाच आहे, की हल्ला थांबला की आपला हातही थांबला पाहिजे. थांबण्यासाठी दिसावे लागते. जो मनुष्य अशी बंदूक निवडतो त्याचा दुसरा बार आंधळा असतो. शिशाची ती गोळी जिला लागते त्या छातीला कायद्याची व्याख्या ठाऊक नसते, हे वेगळे सांगावयास नकोच.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग शस्त्राला हात लावणारा प्रत्येक जण दोषी! छे. इतका सोपा निवाडा ज्यांच्या दाराशी पोलीस वेळेवर येतात त्यांनाच परवडतो. १८६५ साली मिसिसिपी राज्याने गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांवर परवान्यावाचून कोणतीही बंदूक वा दारूगोळा बाळगण्याची बंदी घातली. त्या काळची सामान्य माणसाची बंदूक म्हणजे बहुधा हीच, ठासणीची. जी वस्तू आज बंदूकच नव्हे असे सांगितले जाते, तीच तेव्हा दलिताच्या हाती आली की भयंकर शस्त्र ठरत होती. व्याख्या करणारा कोण, यावर व्याख्या अवलंबून असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

त्याच देशात जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. पुढे त्यांनी घरात होती ती शस्त्रेही स्वतःहून दूर केली. त्यांचा मार्ग सर्वांचा असलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. परंतु गरज असतानाही हाताला आवरता येते, याचे ते उदाहरण आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळावयाचा नियम नव्हे, असे ते सांगतात. सिंह सेनापतीच्या प्रश्नावरील उत्तराचा आशयही हाच, की शांततेचे सर्व उपाय संपल्यावर न्यायासाठी लढणारा निंद्य ठरत नाही. सर्व उपाय संपल्यावर, हे शब्द लक्षात ठेवा. अमेरिकेतील त्या माणसाने उशाशी बंदूक ठेवण्यापूर्वी कोणते उपाय संपविले? दाराला अडसर घातला का? शेजाऱ्याशी बोलला का? की पळवाट सापडली म्हणून शस्त्र घेतले, आणि शस्त्र आले म्हणून शत्रू शोधू लागला? पहिल्याला गरज म्हणता येईल, दुसऱ्याला इच्छाच म्हणावे लागेल.

आपल्याकडे ती पळवाट नाही. ठासणीची असली तरी चालणाऱ्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला. जीव वाचविण्यासाठी प्रतिकाराचा हक्क मात्र पूर्वीच्या दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तोही जरुरीपुरताच, आणि सरकारी मदत घेण्यास अवधी नसेल तेव्हाच.

आणखी एक तरतूद आपल्या वस्त्यांतून फारशी वाचली जात नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, जेथे अत्याचाराची भीती आहे अशा भागात शासनाला गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाने देता येतात. (१९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात येतात.) ही तरतूद ऐकून तरुणांचे डोळे चमकतात. त्यांनी त्याच नियमाची आधीची दोन कलमे वाचावीत. पहिल्यात त्या भागातील इतरांचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करण्याची, दुसऱ्यात बेकायदा शस्त्रे जप्त करण्याची तरतूद आहे. भयाखाली जगणाऱ्या वस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिला अर्ज द्यावयाचा तो या दोन कलमांखाली, आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.