नादाची सचोटी

जें वाद्य दहा माणसांच्या बैठकीसाठीं घडविलें आहे, तें हजार माणसांस ऐकवावयाचें झाल्यास त्याच्या नादाचें खरेपण कितपत टिकतें, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिरीचा दिसतो. परंतु थोडा खोल विचार केल्यास तो नीतिशास्त्राच्या प्रांतांत जाऊन पोहोंचतो असें आढळून येईल. कारण, जिला आपण सुधारणा म्हणतों ती मूळ वस्तूची सेवा कोठपर्यंत असते आणि तोतयेगिरी कोठून सुरू होते, हें ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं. गिटारीच्या नादावर संस्कार करणाऱ्या 'प्रीॲम्प पेडल' नामक एका लहानशा पेटीच्या निमित्तानें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. विषय क्षुद्र आहे असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. पण मोठे प्रश्न पुष्कळदां लहान वस्तूंच्या आडोशासच बसलेले असतात.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या भागांतील धानाच्या व जंगलाच्या मुलखास लोक झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी आटोपूं लागली कीं येथें नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या गांवोगांव फिरतात. दिवसां शंकरपट आणि रात्रीं नाटक असा बेत ठरतो. आणि आजूबाजूच्या गांवांतील माणसें, बायकापोरांसुद्धां, अंगावर घोंगडी पांघरून पहांटेपर्यंत मंडपांत बसून राहतात. या रंगभूमीचे नट डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं 'पद्मश्री' देऊन सरकारनें तिचा गौरव केला, तो योग्यच झाला. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड यांच्या जोडीला आतां तरुणांच्या वाद्यवृंदांतून आणि महाविद्यालयांच्या संमेलनांतून गिटारही दिसते. अशा उघड्या मंडपांत गिटारीसारखें नाजूक वाद्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचवावयाचें कसें?

निसर्गाचा हिशेब येथें फार कठोर आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं नादाची तीव्रता चौथाई उरते. १ मीटरवर जो नाद आहे, त्याची तीव्रता ३२ मीटरांवर सुमारें हजाराव्या हिश्श्यावर येते. शेवटच्या रांगेंत बसलेल्या मनुष्यानेंही तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. त्यास गिटार दिसेल, वादकाचीं बोटें हलतांना दिसतील, पण ऐकूं कांहींच येणार नाहीं. म्हणून नाद वाढविणें हा चैनीचा भाग नसून त्या श्रोत्याच्या हक्काचा भाग आहे. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हां ध्वनिक्षेपक नव्हता, तरी गाणें रंगलेंच ना, असा आक्षेप कोणी घेईल. रंगलें, हें खरें. परंतु तें चार भिंतींच्या नाटकगृहांत आणि त्यासाठींच कमावलेल्या गळ्यांतून. धानाच्या रिकाम्या बांदींत उभारलेल्या मंडपास त्या भिंती कोठून आणाव्या?

आतां नाद वाढविण्याची रीति पाहूं. गिटारीसमोर ध्वनिक्षेपक ठेवला तर तो गिटारीबरोबर तबला, नटाचें भाषण आणि कर्ण्यांतून परत येणारा आवाजही टिपतो, आणि सगळा मंडप शिट्टीनें भरून जातो. म्हणून तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखालीं एक स्फटिकाची पट्टी बसवितात. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं लावला. त्याच तत्त्वावर ही पट्टी चालते. तिचा गुण असा कीं तिला बाहेरचा गोंगाट फारसा ऐकूं येत नाहीं. तिचा दोषही तोच. गिटारीचा नाद म्हणजे केवळ तारेचा दाब नव्हे. तारेमुळें लांकडी पाटी कांपते, पोटांतील हवा हिंदकळते, आणि या सर्वांचा मिळून जो नाद समोर येऊन पोहोंचतो त्यास आपण गिटार म्हणतों. पट्टीला त्यांतील दाब तेवढा कळतो. शिवाय तिच्यांतून निघणारी वीज इतकी दुबळी असते कीं ती सामान्य यंत्रास सरळ जोडली तर त्याच्या भारानें खर्ज गळून जातो. परिणामीं कर्ण्यांतून जें ऐकूं येतें तें पातळ, कांचेसारखें, बदकाच्या आवाजाची आठवण करून देणारें असतें.

प्रीॲम्प पेडलचें काम येथें सुरू होतें. वादकाच्या पायाजवळची ही पेटी त्या दुबळ्या विजेवर भार पडूं देत नाहीं. दहा लाख ओहम किंवा त्याहूनही अधिक विरोध असलेलें तिचें प्रवेशद्वार त्या विजेस जशीच्या तशी आंत घेतें आणि लांब तारेंतून न झिजतां जाईल इतकी सबळ करून बाहेर सोडतें. तिच्यावरील फिरक्यांनीं मधल्या पट्टींतील कर्कशपणा उतरवितां येतो, गळालेला खर्ज भरून काढतां येतो. गिटारीची सर्वांत जाड तार सुमारें ८२ कंपनांवर बोलते. त्याखालीं जी घरघर असते ती वाद्याची नसतेच, म्हणून ती कापली तरी बिघडत नाहीं. ज्या एका स्वरावर गिटारीचें पोट कर्ण्याच्या आवाजानें घुमूं लागतें, नेमका तेवढाच स्वर दाबून टाकण्याचीही सोय बऱ्याच पेट्यांत असते.

येथें शुद्धतावादी रसिक पुढें येऊन म्हणतो, "फिरक्या फिरवून गोड केलेला हा नाद वाद्याचा कसला? हा तर रंगविलेला नाद!" आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. प्लेटोनें चित्रकारावर असाच आरोप केला होता. चित्र ही नकलेची नक्कल असल्यामुळें ती सत्यापासून आणखी एक पायरी दूर जाते, असें त्याचें म्हणणें. परंतु हा न्याय लावावयाचा तर तो पेटीपाशीं येऊन थांबेल कां? ऐतरेय आरण्यकांत मनुष्यदेहास दैवी वीणा म्हटलें असून लांकडी वीणा ही तिचीच अनुकृति होय, असें सांगितलें आहे. म्हणजे वाद्य हेंच मुळीं अनुकरण ठरलें. मिरजेच्या तंबोऱ्याचें उदाहरण घ्या. तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा एक बारीकसा धागा सरकवितात आणि त्या धाग्यानें जवारी खुलते, तंबोरा बोलूं लागतो. तो धागा काढून टाकून "आतां ऐका खरा तंबोरा" असें कोणी म्हणत नाहीं. उलट, धागा जागेवर बसला म्हणजेच तंबोरा स्वतःस सांपडला, असें गवई समजतो.

नटाची रंगभूषा हाही याच जातीचा दाखला आहे. प्रखर दिव्यांत उघडा चेहरा दुरून निस्तेज, सपाट दिसतो. म्हणून भुवया कोरतात, गालांवर रंग चढवितात, आणि मग शेवटच्या रांगेंतून तो माणसाचा चेहरा दिसतो. भाषांतराचेंही तसेंच आहे. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' (१८८३) केलें तेव्हां शब्दास शब्द ठेवून भागलें नसतें, हें मराठी वाचकास सांगावयास नको. स्फटिकाची पट्टी ही शब्दशः भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यासारखी असते. ती खोटें बोलत नाहीं, पण खरेंही सांगत नाहीं. मूळचा अर्थ पोहोंचविण्यासाठीं कांहीं बदल करावाच लागतो, आणि असा बदल न करण्यानें मूळ ग्रंथावर अन्यायच होतो.

मग कोणताही बदल क्षम्य समजावा काय? आमच्या मते येथें तीन पायऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. वहनांत जें हरवलें तें परत देणें ही पहिली. येथें दोष तर नाहींच, उलट तें कर्तव्य होय. दुसरी अलंकाराची, घुमटांत वाजविल्यासारखा भास देणें, नादास किंचित् चकाकी चढविणें. ही औचित्याची बाब आहे, आणि अति झालें कीं तिचा कंटाळा येतो एवढेंच तिचें प्रायश्चित्त. तिसरी पायरी मात्र निराळी. हल्लीं कांहीं पेट्यांत उंची गिटारीच्या नादाचा ठसा साठविलेला असतो, आणि स्वस्त गिटारीची तार छेडली असतां त्या ठशाची छटा तिच्या नादावर चढते. गरीब मुलास चांगल्या नादाची गोडी लागत असेल तर यांत वाईट काय, असें म्हणतां येईल, आणि करमणुकीच्या मंडपांत आम्हीही तसेंच म्हणूं. परंतु तीच गिटार विकावयास काढून गिऱ्हाइकास त्या पेटींतून ऐकविली, किंवा वाद्यें घडविणाऱ्यांच्या स्पर्धेंत परीक्षकांपुढें तशी वाजविली, तर ती फसवणूक होय. पेटी दोन्ही ठिकाणीं एकच आहे. ऐकणारा कशावर विश्वास ठेवून ऐकतो आहे, यावरून कृत्याची नीति ठरते. मंडपांतला श्रोता गाण्यावर विश्वास ठेवतो. गिऱ्हाईक लांकडावर आणि कारागिरावर ठेवतें.

श्रोत्याबरोबर आणखी एका माणसाचा विचार करावयास हवा, तो म्हणजे ज्याला ऐकावयाचें नाहीं तो. मंडपापलीकडच्या घरांत कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगीं वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट राज्य सरकारास देतां येते. वस्तीसाठीं दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र जागविणाऱ्या नाट्यपरंपरेचा आणि या नियमांचा मेळ घालणें हें कायद्याचें काम आहे, आणि तें सोपें नाहीं. पण कायद्याच्या अलीकडेही विवेकास करण्याजोगें पुष्कळ उरतें. नाद अस्पष्ट असला कीं माईकवाला तो मोठा करतो. मोठा करूनही स्पष्ट होत नाहीं म्हणून आणखी मोठा करतो. आणि ऐकणारा व न ऐकणारा दोघेही हैराण होतात. ज्या नादांतील कर्कशपणा मुळाशींच उतरविला आहे आणि खर्ज जागच्या जागीं आहे, तो कमी जोरावरही शेवटच्या रांगेस कळतो. स्पष्टता आणि मोठेपणा या दोन भिन्न वस्तु आहेत, हें आपल्या व्याख्यात्यांस, पुढाऱ्यांस आणि आम्हां प्राध्यापकांसही कळलें तर समाजाची बरीच डोकेदुखी कमी होईल.

शेवटीं एक गोष्ट मात्र कोणत्याही पेटीच्या आवांक्याबाहेरची आहे. फिरकी कोठें थांबवावी हें ती सांगूं शकत नाहीं. तें सांगण्यास वादकाच्या कानांत आपल्या गिटारीचा उघडा, विजेवांचूनचा नाद घट्ट बसलेला असावा लागतो. ज्यानें ती एकान्तांत पुष्कळ ऐकली आहे, त्यास कर्ण्यांतून येणारा नाद कोठें घसरला हें तत्काळ कळतें. ज्यानें तशी ती कधीं ऐकलीच नाहीं, तो गोड लागेल त्या ठिकाणीं थांबतो आणि त्यालाच खरें समजूं लागतो. पेटी विकत घेण्यापूर्वीं गिटार ऐकावी, असा सल्ला आम्ही आमच्या तरुण वादकांस देऊं. लोकांपुढें बोलण्याचा, लिहिण्याचा किंवा शिकविण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांसही हाच सल्ला लागू पडेल.