संख्याबळ आणि वचन

हिरकणीवाडी ज्या महाड मतदारसंघांत मोडते, तेथील आमदार भरत गोगावले यांस २०२२ सालीं शिवसेनेंतील शिंदे गटानें प्रतोद नेमिलें. प्रतोद राजकीय पक्षानें नेमावा, विधिमंडळ पक्षानें नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ मे २०२३ रोजीं सांगितलें. पुढें १० जानेवारी २०२४ रोजीं विधानसभाध्यक्षांनीं शिंदे गटच मूळ पक्ष मानून ती नेमणूक ग्राह्य धरली. तथापि नीतीचा प्रश्न उरतोच. दहाव्या अनुसूचीप्रमाणें एकटा आमदार पक्ष सोडील तर अपात्र. दोन तृतीयांश विलीनीकरणास संमत झाले तर ते वांचतात. एकाचा लोभ असेल, पुष्कळांचें मत असावें, हा त्यामागील तर्क. आम्हांस तो अपुरा वाटतो. संख्येनें अपात्रता टळते, वचन फिटत नाहीं. आमदारांच्या बैठकीचें बळ मतदाराकडून उसनें घेतलेलें आहे. पक्ष बदलावयाचा, तर आधीं त्यास पुन्हां विचारावें.