वरून दिसणारं जाळं

अंतरवाली सराटीला आकाशातली नजर नवी नाही. २०२३च्या ऑगस्टअखेर इथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि अंबड तालुक्यातलं हे गाव राज्यभर माहीत झालं. पुढच्या सभांची जी चित्रं मोबाइलवर फिरली, त्यांतली बरीचशी ड्रोनने टिपलेली होती. किती माणसं जमली, यावर त्या चित्रांवरून वाद रंगले. ती का जमली, हे मात्र मांडवात जाऊन विचारावं लागायचं. मग २०२४च्या जून-जुलैत रात्रीचे ड्रोन आले. अंतरवालीवर आणि जालना-बीडच्या इतरही गावांवर ते घिरट्या घालताना दिसले, आणि विषय विधिमंडळात गेला. ते कोणाचे, कशासाठी, याला पारावर जितकी तोंडं तितकी उत्तरं. वरच्याला खालचं सगळं दिसतं आणि खालच्याला वरचा कोण ते कळत नाही, हीच त्यातली खरी बोच होती.

इथून गोदावरी फार लांब नाही. माझा भाचा लग्नाचं शूटिंग करतो. शहागडला पुलाजवळ त्याने एकदा हौसेनं ड्रोन वर नेला आणि मी त्याच्या स्क्रीनवर नदी पाहिली. वाळू उपसून पडलेले खड्डे स्पष्ट दिसत होते. मासेमारीचं जाळं दिसलं, पण जाळं म्हणून नव्हे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची एक वाकडी ओळ होती नुसती. तंगुसाचं जाळं पाण्यात उभं असतं. वर बाटल्या नाहीतर थर्माकोलचे तुकडे, खाली वजनाला दगड. ओळीवरून लांबी अजमावता येते. जाळ्याचा आस केवढा, म्हणजे त्याच्या भोकातून पिल्लू निसटेल की अडकेल, ते काही केल्या दिसत नाही. आणि नदीत पुढच्या वर्षी मासा राहणार की नाही, हे बरंचसं त्यावरच ठरतं. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं सोडवणाऱ्या एका काकांनी मान वर केली. काठाला आल्यावर त्यांनी भाच्याला पहिलं विचारलं, “फोटो काढायलास का पावती फाडायलास?”

कॅनडातल्या फ्रेझर नदीवर वरून जाळी मोजण्याचं काम सरकार रीतसर करतं. समुद्रात वाढलेला सामन मासा अंडी घालायला या नदीत चढतो, तेव्हा लहान विमानं किंवा हेलिकॉप्टर नदीवरून जातात आणि पाण्यात लागलेली जाळी मोजतात. पण एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. काठावर माणसं असतात. ती मच्छीमारांना गाठून एका जाळ्याला किती मासा लागला ते विचारतात. वरची संख्या आणि खालचं उत्तर यांचा गुणाकार केला, की त्या आठवड्याच्या पकडीचा अंदाज निघतो. गुणाकारातला दुसरा आकडा माणसाच्या तोंडून येतो, विमानातून नाही. तरीही अंदाज चुकतात. २००९ साली तिथे सॉकाय जातीचे एक कोटीहून जास्त सामन येतील असं भाकीत होतं. आले पंधरा लाखांच्या आसपास. न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोगच बसला.

याच नदीवर १९८४ साली मस्क्वीअम या आदिवासी समाजातले रोनाल्ड स्पॅरो पकडले गेले. परवान्यात जाळ्याची लांबी २५ वाव होती, त्यांचं जाळं ४५ वाव भरलं. लांबीबद्दल वाद नव्हताच. त्यांचं म्हणणं होतं की पोटासाठी मासा धरणं हा आमचा पूर्वापार हक्क आहे. १९९० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. जाळ्याची लांबी कुठल्याही विमानातून दिसली असती. ते टाकण्याचा हक्क दिसायला सहा वर्षं आणि सर्वोच्च न्यायालय लागलं.

म्हणून ड्रोन निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२५पासून मत्स्यव्यवसाय विभागाने ड्रोनची गस्त सुरू केली, ती मला पटते. तिथे गुन्हाच ठळक असतो. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून उचलण्यावर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली; असा झोत रात्रीच्या समुद्रात झाकता येत नाही. नौकेवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, मालक सापडतो. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर कसला क्रमांक? जाळं ट्यूबवरच्या माणसाचं की त्याला उचल देणाऱ्या व्यापाऱ्याचं, हेही वरून कळणार नाही.

गोदावरीत वरून सगळ्यांत स्वच्छ काय दिसत असेल, तर बंधारे. पैठणला १९७६ साली नाथसागर धरण पुरं झालं. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी अशी रांगच आहे. मासा कुणी अडवला हे मोजायचं तर बाटल्यांच्या ओळीच्या आधी हे काँक्रीट मोजायला हवं. याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, समुद्रातून गोड्या पाण्यात चढणारा हिलसा आहे. तिथे त्याला पुलसा म्हणतात आणि पावसाळ्यात त्यासाठी तोंडाला येईल तो भाव मोजतात. इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनने १८५२ साली धवळेश्वरमचा बांध पुरा केला आणि हिलशाची वरची वाट अडली. त्या बांधाने डेल्टा पिकवला, आमच्या बंधाऱ्यांनी ऊस पिकवला. ते पाडा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण जबाबदारी वाटायला बसलं की ती सगळी ट्यूबवरच्या माणसाच्या पदरात पडते, कारण कॅमेऱ्याच्या चौकटीत हलणारा तो एकटाच असतो.

काकांना मी कॅनडाचं विमान सांगून पाहिलं. त्यांना त्यात एकच गोष्ट कामाची वाटली. “वरून एवढं दिसतंय तर धरणाचं पाणी सुटायच्या आधी सांगत जा की. रातीतून जाळी वाहून जात्यात.” भाच्याने त्यांचा नंबर घेतला. पाणी सोडण्याचा सरकारी इशारा त्याच्या गावच्या ग्रुपवर येतोच; काकांच्या साध्या फोनवर ग्रुप नाही, म्हणून तो आता त्यांना फोन करून सांगतो. त्याला ड्रोन लागत नाही.