कोरा रकाना

मनुष्याची पारख करण्याचा अधिकार कोणास आणि कोठवर, हा प्रश्न फार जुना आहे. आमच्यापुढे मात्र तो एका प्रवेश-अर्जाच्या रूपाने उभा राहिला. भिवंडीतील एका विणकर घरची विद्यार्थिनी, दहावीस शेकडा 94 गुण मिळविलेली, दूरच्या एका नामांकित खासगी विद्यापीठाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आली. गुणांचा तक्ता तिने निःशंकपणे भरला होता. पुढे 'अभ्यासेतर उपक्रम' या मथळ्याखाली दहा ओळी होत्या. त्यांतील पहिलीत 'निबंधस्पर्धा, तालुका, तिसरा क्रमांक' एवढे लिहून ती थांबली होती.

या घराचा आम्हांस परिचय आहे. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांपैकी हे एक. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात; आई कांड्या भरते आणि कॉलेजातून परतल्यावर मुलगीही तिच्या शेजारी बसते. आजीस तेलुगूवाचून दुसरी भाषा येत नाही. म्हणून डॉक्टरांचे म्हणणे तिला आणि तिचे दुखणे डॉक्टरांना समजावून देणे, हे काम हिचेच. धाकट्या भावाचा अभ्यास वेगळाच. वादसभा, गिर्यारोहण, पियानो यांना त्या दिवसात जागा कोठून मिळावी?

निवड करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र नव्हे. आमच्या राज्यात उत्तम पाच विषय धरून टक्केवारी काढतात. क्रीडा, चित्रकला, लोककला यांबद्दलचे वाढीव गुण त्यात मिळतात. आणि 2025 साली दहावीस 211 मुलांस शंभर टक्के पडले. जेथे सारेच शिखरावर उभे, तेथे उंची मोजावयाची कशी? शिवाय परीक्षा तरी कोठे निर्मळ उरली आहे? शिकवणी-वर्गांची फी काही थोडीथोडकी नसते. आम्ही स्वतः परीक्षांच्याच शिडीने वर आलो, त्यामुळे त्या शिडीविषयी आमचे मत थोडे पक्षपाती असणार, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

तथापि 'सर्वांगीण' पारखीचा इतिहास पाहता मन कचरते. 1890 साली अरविंद घोष इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झाले. पण घोडेस्वारीच्या चाचणीस हजर न राहिल्यामुळे 1892 साली त्यांना ती नोकरी नाकारण्यात आली. त्यांना ती नकोच होती, ही गोष्ट निराळी. परंतु ज्याच्या दारी कधी घोडा बांधलेला नव्हता अशा एखाद्या उमेदवारास ती मनापासून हवी असती तर? पुढे अमेरिकेत याहून वाईट घडले. 1922 साली हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचा भरणा पाचव्या हिश्श्यावर गेला, तेव्हा अध्यक्ष लोवेल यांनी त्यांच्या संख्येस उघड मर्यादा घालण्याचे सुचविले. प्राध्यापकांनी ते मानले नाही. मग 1926 पासून उमेदवाराचे 'चारित्र्य' व 'व्यक्तिमत्त्व' पारखले जाऊ लागले, आणि पुढल्या दाराने जे आत येऊ शकले नाही ते मागल्या दाराने आले. याच्या उलट, दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तेव्हा त्या परीक्षेने त्यांना गणिताखेरीज काहीही विचारले नव्हते. त्या न विचारण्यात केवढी सभ्यता होती!

'तुला काय येते?' हे विचारण्याचा विद्यालयास पूर्ण अधिकार आहे. 'तू कोण आहेस?' हे विचारावयाचे तर विचारणाऱ्याच्या अंगी मोठी पात्रता हवी, आणि उत्तर ज्या भाषेत येईल ती समजण्याची तयारी हवी. ही तयारी नसली की रकाना माणसाची नव्हे, सवडीची मोजदाद करतो. आणि सवड विकत मिळते. अर्जासाठी संस्था स्थापून प्रवेश मिळताच तिला कुलूप लावणारे सुखवस्तू चिरंजीव आमच्या पाहण्यात आहेत. त्यांच्या वयास दोष देववत नाही. थोरांनीच त्यांस तो धडा दिलेला असतो.

हे सारे मनात घोळत असता आम्ही त्या मुलीस, मोठा उपाय सापडल्याच्या आनंदात, सल्ला दिला. म्हटले, "अगं, कांड्या भरतेस ते लिही. आजीसाठी दुभाषी होतेस ते लिही. त्या मुलांच्या दहा ओळींहून ते भारी आहे."

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "सर, ते घरचं काम आहे. त्याला उपक्रम कसं म्हणू? आईनं हे वाचलं तर तिला काय वाटेल?"

आम्ही निरुत्तर झालो. खोटे लिहू नये, एवढे नीतिशास्त्र आम्हांस पाठ होते. पण खरेही कोठे मांडू नये, हे कोणत्या प्रकरणात शिकविले होते ते आठवेना. आमच्या सल्ल्याने तिच्या आईचे कष्ट परक्यांच्या दयेपुढे नेऊन ठेवले असते, आणि त्यांचे मोल वाढविले अशी आमची समजूत झाली असती. दुसऱ्या बाजूने, हेच कष्ट झाकून ठेवल्याने तिची जागा त्या कुलूपवाल्या चिरंजीवांस जाणार, हेही दिसत होते. दोन्ही खरे होते.

तिने बाकीच्या नऊ ओळी कोऱ्याच ठेवल्या. शिफारसपत्र आम्हांस लिहावयाचे होते. दोन रात्री त्यावर घालविल्या. शेवटी तिच्या निबंधांच्या दोन वह्यांविषयी जेवढे सांगता आले तेवढे सांगितले आणि कांड्यांचा उल्लेख टाळला. तिला विचारून, तिने होकार दिला असता तर, एक वाक्य लिहिता आले असते, हे पत्र पाठविल्यानंतर सुचले.