एक फांदी आणि एक बाग

लखनौजवळ मलिहाबादला कलीमुल्ला खान यांच्या बागेत आंब्याचे एक झाड आहे. कलमे बांधून त्यांनी त्या एकाच झाडावर तीनशेहून अधिक जाती वाढवल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका फांदीला लांबट फळ, तर शेजारच्या फांदीला गोल. बहुविधतेचे याहून देखणे चित्र मिळणे कठीण. पण त्या झाडापासून चार पावले पुढे गेले की मलिहाबादेत राज्य दशहरीचे. भौगोलिक मानांकन तिचे, पेट्यांवरचे नावही बहुधा तिचेच. मग एखाद्या जातीला एक फांदी मिळाली म्हणजे तिला जागा मिळाली, असे म्हणता येईल का?

सिनेमालाही हाच प्रश्न विचारता येतो. पडद्यावर गरीब माणूस दिसला, एकटी आई दिसली, की आपण समाधानाने 'प्रतिनिधित्व' हा शब्द वापरतो. लुइजी कोमेन्चिनी यांचा १९५३ सालचा 'पाने, आमोरे ए फांताझीआ' म्हणजे 'पाव, प्रेम आणि कल्पना' हा प्रेमाचा हसरा चित्रपट या संदर्भात आठवतो. डोंगरातल्या एका गरीब गावात बदलून आलेला उतारवयाचा पोलीस अधिकारी त्यात आहे. ती भूमिका केली आहे व्हित्तोरियो दे सिका यांनी. युद्धानंतरच्या दारिद्र्यावर 'बायसिकल थीव्ज' काढणारे दिग्दर्शक ते हेच. या नव्या हसऱ्या चित्रपटांना टीकाकारांनी 'गुलाबी नववास्तववाद' असे नाव दिले. गरिबी तीच, पण आता ती गोड दिसते, असा त्यांचा आक्षेप.

या चित्रपटात एक गावकरी पाव खात बसलेला असतो. पावात काय घातले आहे, असे अधिकारी विचारतो. तो उत्तर देतो, कल्पना! आपण हसतो आणि गोष्ट पुढे जाते. चित्रपटाला नाव मिळाले ते या माणसाच्या शब्दाने, पण त्याच्या भुकेने कथेत काहीच बदलत नाही. गावातली सुईण अन्नारेल्ला हिचे तसे नाही. तिला लग्नाशिवाय झालेला मुलगा आहे. हे कळल्यावर ती हवी की वर्दी, याचा निर्णय अधिकाऱ्याला घ्यावा लागतो.

मला कसोटी इथे दिसते. कोण किती वेळ दिसला, हे मोजणे सोपे आहे. त्याच्या असण्याने दुसऱ्याला काही सोडावे लागले का, हे विचारणे अवघड.

मराठीत आंब्याची 'जात' आपण मोकळेपणाने विचारतो, माणसाची विचारताना आवाज खाली येतो. आंब्यातही एक बिननावाचा असतो, रायवळ. कोकणात हापूसची कलमे रायवळच्या कोयीतून उगवलेल्या रोपावर बांधली जातात. मुळे रायवळची, पेटीवर नाव हापूसचे. पाव खाणारा तो गावकरी असाच रायवळ आहे.

म्हणून असे चित्रपट पाहूच नयेत का? मी तो पुन्हा पाहीन आणि हसेनही. गरिबालाही विनोद करण्याचा हक्क आहे. त्याने सदैव रडतच पडद्यावर यावे, ही अपेक्षादेखील त्याला एकाच फांदीवर बांधते. फक्त त्या उत्तरावर हसून झाले, की त्याच्या हातातल्या कोरड्या पावाकडे पुन्हा एकदा पाहावे. एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.