कानात सांगितलेले नाव



जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. त्याच अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक ॲलेक्स हेली यांची 'रूट्स', म्हणजे 'मुळे', ही कादंबरी १९७६ साली आली. तिच्यातील वंशावळीवर इतिहासकारांनी पुढे शंका घेतल्या. तेव्हा ती कादंबरी म्हणूनच वाचा. पण वाचा.

गँबियातील जुफुरे गावचा तरुण कुंटा किंटे १७६७ साली पकडला जातो. जहाजात १४० माणसे कोंबली जातात, ९८ जिवंत उतरतात. मालक त्याला 'टोबी' म्हणू लागतो. तो चार वेळा पळतो. चौथ्या वेळी कुऱ्हाडीने त्याचा अर्धा पाय तोडतात.

पळणे संपले. पुढे त्याला मुलगी होते. तो तिचे नाव सर्वांआधी तिच्याच कानात सांगतो: किझी. ज्याचे नाव त्याने ते पहिल्यांदा ऐकावे, ही त्याच्या गावची रीत. मोठी झाल्यावर तो तिला नदी दाखवतो आणि 'कांबी बोलोंगो' म्हणायला शिकवतो. किझी लिहायलाही शिकते. त्याच अक्षरांनी ती एका तरुणाला पळून जाण्यासाठी खोटा परवाना लिहून देते, आणि सोळाव्या वर्षी विकली जाते. आईबाप तिला पुन्हा दिसत नाहीत. पण ते शब्द ती आपल्या मुलाला देते. मग त्या घराण्यात बाळ जन्मले की सारे जमतात आणि त्या आफ्रिकन पूर्वजाची हकीकत सांगतात. पायातल्या बेडीसकट सांगतात, लपवीत नाहीत.

आणि आपण? तराळकी, ओढलेली मेलेली ढोरे, यांचा विषय निघाला की आपण आवाज खाली करतो. पोरांना लाज वाटेल म्हणतो. अहो, लाज ज्यांनी केले त्यांची. ज्यांनी सोसले त्यांची कशी?

कोणी म्हणेल, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जुने सोडले. खरे आहे. कुंटाचे नाव त्याचे स्वतःचे होते, म्हणून त्याने ते जपले. आपल्या म्हाताऱ्या आजोबांना 'अरे धोंड्या' ही हाक गावाने दिली होती, ती टाकलीच पाहिजे. पण हाक टाकली म्हणून आजोबाही टाकायचे काय?

येत्या पौर्णिमेला वंदना झाली की घरातल्या आजीला मध्ये बसवा. विचारा, पाणी वरून कोण ओतायचे? विहिरीपाशी किती वेळ ताटकळावे लागायचे? ती आधी "जाऊ द्या, बाबांनो" म्हणेल. पोरांना उठू देऊ नका.