घासाघिशीची नीति

‘बाजार’ हा शब्द आपल्या भाषेंत फारसा प्रतिष्ठित नाहीं. हलक्या वस्तूस आपण बाजारू म्हणतों, निराधार वार्तेस बाजारगप्प म्हणतों, सैन्याच्या मागें फरफटत जाणाऱ्या निरुपयोगी गर्दीस बाजारबुणगे म्हणून हिणवितों. आणि एखाद्यानें पवित्र गोष्ट विक्रीस काढली म्हणजे ‘त्यानें तिचा बाजार मांडला’ असें म्हणून मोकळे होतों. नीतीचा विचार करावयाचा तो देवळांत, पाठशाळेंत किंवा फार तर न्यायमंदिरांत. कांद्याबटाट्यांच्या ढिगांत नीति कोठून येणार, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक अव्यक्त समज आहे. वस्तुतः सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत न्यायमंदिराची पायरी चढण्याचे प्रसंग किती येतात? बहुतेकांच्या वांट्यास एकही येत नाहीं. परंतु आठवड्यांतून एकदां तरी तो हातांत पिशवी घेऊन दुसऱ्या मनुष्यासमोर उभा राहतो आणि त्याच्या श्रमाचें मोल ठरवितो. न्यायनिवाडा म्हणतात तो याहून फार निराळा असतो असें आम्हांस वाटत नाहीं.

हा प्रश्न आज विशेष विचार करण्याजोगा झाला आहे, याचें कारण शहरांतून भरूं लागलेले शेतकऱ्यांचे आठवडे बाजार. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांस बाजारसमित्यांच्या नियमनांतून मोकळें केलें, आणि शेतकऱ्यांनीं आपला माल थेट ग्राहकांस विकावा म्हणून त्याच वर्षीं आठवडे बाजारांची मोहीम हातीं घेतली. मोहिमेस नांव दिलें तें संत सावता माळी यांचें. ज्यास आपला विठ्ठल आपल्या मळ्यांतील भाजीपाल्यांतच दिसला, त्या संताचें नांव भाजीच्या बाजारास मिळावें हें यथोचितच झालें. पुण्याच्या अनेक भागांत ठरलेल्या वारीं असा बाजार भरतो. मोकळ्या जागेंत मांडव उभे राहतात, टेंपोंतून क्रेट उतरतात, मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांच्या जुड्यांवर पाण्याचे शिपके पडतात. हंगामाप्रमाणें पुरंदरचीं अंजिरें वा सीताफळें, जुन्नरकडील टोमॅटो, मावळांतील इंद्रायणी तांदूळ असें सर्व एका जागीं दिसूं लागतें. निवृत्त गृहस्थ, कचेरींतून परस्पर आलेल्या स्त्रिया, आईचें बोट धरून ‘हें काय, तें काय’ विचारणारीं मुलें अशी एकच गर्दी उसळते. कोणी भेंडीचें टोक मोडून पाहतो, कोणी वांग्याचा देंठ निरखतो, कोणी दुध्यास नख लावतो आणि लगेच ‘ताई, नख नका लावूं’ अशी तक्रार ऐकूं येते. शहरांतील मनुष्याच्या पांढरपेशा आयुष्यांत इतका जिवंत तास क्वचितच येत असेल.

या बाजाराची खरी नवलाई मात्र ताज्या भाजींत नाहीं. घाऊक बाजारांत पूर्वीं हत्ता पद्धतीनें भाव ठरत. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत. मालाचा धनी बाजूस उभा राही, आणि आपल्या कष्टाचें काय झालें तें त्यास मागाहून कळे. नियंत्रित बाजारपेठा आल्यावर ही रीत निषिद्ध ठरली; उघड लिलाव आला, तरी पिकविणारा आणि खाणारा यांची गांठ पडत नसे ती नसेच. आतां या आठवडे बाजारांत रुमालही नाहीं आणि आडत्याही नाहीं. शेतकऱ्याच्या पदरीं कमी पडलें तर आजवर आपण मधल्या माणसास दोष देऊन हात झटकूं शकत होतों. आतां त्या जागीं आपणच आहों.

आणि तेथें आपण काय करतों? सुस्थितींतील एक गृहस्थ मेथीची जुडी उचलतात, उलटसुलट करून पाहतात, वीस रुपये हा भाव ऐकून कपाळास आठ्या घालतात. “पंधराला लावा, मामा.” “न्हाई परवडत, साहेब. सकाळपासनं ह्योच भाव हाय.” गृहस्थ जुडी खालीं ठेवतात, दोन पावलें पुढें जातात, पुन्हां मागें वळून पाहतात. हे दोन पाउलांचें नाटक आपल्या सर्वांच्या परिचयाचें आहे. याच गृहस्थांनीं तासापूर्वीं कांचेच्या दाराच्या दुकानांत बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली किंमत मुकाट्यानें मोजलेली असते, हेंही आपण जाणतों. आणि त्यावरून मध्यमवर्गास धारेवर धरण्याची लेखकांत प्रथाच पडली आहे.

आमच्या मतें हा आक्षेप दिसतो तितका सबळ नाहीं. छापील किंमत ही न्याय्य किंमत असतेच असें कोठें आहे? तेथें घासाघीस होत नाहीं, याचें कारण तेथें बोलावयास कोणी समोर नसतें, एवढेंच. उलट, घासाघीस ही दोन स्वतंत्र माणसांतील एक बोलणी आहे. वस्तूची किंमत वस्तूवर निसर्गानें कोरून ठेवलेली नसते. ॲरिस्टॉटलनें फार पूर्वीं सांगितल्याप्रमाणें देवघेवीस एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे परस्परांची गरज. विकणाऱ्यानें थोडें चढवून सांगावें, घेणाऱ्यानें थोडें उतरवून मागावें आणि दोघांनीं मध्यें कोठें तरी यावें, यांत कोणाचाच अपमान नाहीं. सकाळीं ‘भवानी व्हायची आहे’ म्हणून पहिल्या गिऱ्हाइकास विन्मुख न पाठविणारा विक्रेता स्वखुशीनें दोन रुपये सोडतो. शिवाय ठराविक मिळकतींत चार माणसांचें घर चालविणाऱ्या गृहिणीची काटकसर हा दुर्गुण नव्हे. तिनें वांचविलेल्या पांच रुपयांवर पेन्सिल येते, दूध येतें. तिला कोणी कंजूष म्हणूं लागला तर त्यानें आधीं तिचा हिशेब पाहावा.

तर मग घासाघिशींत वाईट असें कांहींच नाहीं काय? आहे; परंतु तें ओळखण्याची खूण निराळी आहे. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथांत म्हटलें कीं, आपलें जेवण खाटकाच्या वा भटारखानेवाल्याच्या परोपकारबुद्धीनें मिळत नसून त्यांच्या स्वहितबुद्धीनें मिळतें. हा विचार आपल्या महाविद्यालयांतून पढलेल्या प्रत्येकास पाठ असतो. त्याच ग्रंथांत मजुरीचा विचार करतांना त्यानें आणखी एक गोष्ट नोंदली आहे, ती मात्र फार थोड्यांच्या स्मरणांत राहते. मालक आणि मजूर यांच्या तंट्यांत मालक अधिक काळ तग धरूं शकतो. त्याच्या गांठीस वर्ष-दोन वर्षांची पुंजी असते, आणि कित्येक मजुरांस एक आठवडाही निभावत नाहीं. अर्थात् करार दोघांच्या संमतीनें होत असला तरी ती संमति एकाच मोलाची नसते. ज्यास थांबतां येतें तो भाव ठरवितो. ज्यास थांबतां येत नाहीं तो भाव स्वीकारतो. ‘अडला हरी’ कोणाचे पाय धरतो हें आपल्या म्हणीनें केव्हांच सांगून ठेवलें आहे.

ही कसोटी घेऊन भाजीबाजारांत शिरलें म्हणजे तेथील प्रत्येक वस्तूस तिचा तिचा धीर असतो असें दिसून येतें. लाल भोपळा घराच्या कोपऱ्यांत महिनोन्महिने बसून राहतो. उन्हाळी कांदा नीट वाळवून चाळींत भरला तर चार-सहा महिने निघतात. टोमॅटोस कांहीं दिवसांचा अवकाश असतो. गूळ-डाळी तर वर्षाच्या बेगमीच्या. आणि मेथी-कोथिंबिरीचा धीर एका दिवसाचा, उन्हाळ्यांत तेवढाही नाहीं. महिनाभर वाढविलेली मेथी आदल्या दिवशीं उपटावयाची, जुड्या बांधावयाच्या, रातोरात गाडींत घालावयाची. आणि दुसऱ्या दिवशीं ती खपली नाहीं तर जनावरांपुढें टाकावयाची. जी वस्तु थांबूं शकते तिचा धनीही थांबूं शकतो. म्हणून भोपळ्याच्या भावावरून खुशाल वाद घालावा, तो बरोबरीच्यांचा खेळ आहे. संध्याकाळच्या मेथीवरून घातलेला वाद तसा नसतो. मेथी कोमेजते, रुपया कोमेजत नाहीं. गृहस्थांच्या त्या दोन पाउलांचें सारें बळ या एका गोष्टींत आहे.

दुसऱ्याच्या अडचणीचा भाव करणें हें पाप आहे, ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. दुष्काळांत धान्य कोठारांत दडवून बसणाऱ्या व्यापाऱ्यास आपण साठेबाज म्हणतों. तो तरी काय करतो? भुकेल्यास थांबतां येत नाहीं आणि आपणांस थांबतां येतें, हें जाणून थांबतो. गेल्या शतकाच्या आधीं दख्खनच्या शेतकऱ्याची अवस्था अशीच होती. सरकारी साऱ्याचा हप्ता त्याच्यासाठीं थांबत नसे, म्हणून पीक निघतांच मिळेल त्या भावानें विकावें किंवा सावकाराच्या वहीवर अंगठा उठवावा, एवढ्याच वाटा त्यास उरत. १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडींतील सुपें या बाजारपेठेच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या आणि खतें जाळलीं, त्या आगीच्या बुडाशीं ही थांबतां न येण्याची लाचारी होती. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तोही त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत. साठेबाजाच्या आणि आपल्या थांबण्यांत प्रमाणाचा फरक डोंगराएवढा आहे हें आम्ही आनंदानें मान्य करतों. जातीचा फरक आहे काय, याचा वाचकांनींच विचार करावा.

हीच कसोटी उलट बाजूनेंही लावून पाहावी. २०२३ च्या जुलै-ऑगस्टांत टोमॅटोचा भाव अनेक शहरांतून किलोस शंभर रुपयांच्या पुष्कळ वर गेला. तेव्हां घरोघर ओरड झाली आणि शेतकरी माजले असेंही कित्येकांनीं म्हटलें. परंतु टोमॅटो दडवून ठेवतां येत नाहीं; तो पिकला कीं विकावाच लागतो. मालाच्या टंचाईनें भाव चढला, त्यांत पिकविणाऱ्याची नड नाहींशी झाली नव्हती. सप्टेंबरांत घाऊक भाव कोसळले आणि महाराष्ट्रांत कित्येकांवर उभा माल टाकून देण्याची पाळी आली. त्या वेळीं ओरड झाली नाहीं. आपल्या न्यायबुद्धीस एकाच कानानें ऐकूं येतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “संध्याकाळीं उरलेली भाजी आम्ही स्वस्तांत घेतों म्हणूनच ती वायां जात नाहीं; मग आमचा दोष कोणता?” दोष कांहींच नाहीं. बाजार उठतांना विक्रेता स्वतःच वाटे लावतो, भाव उतरवितो. पान कोमेजलें त्या मानानें किंमत उतरावी हें रास्तच आहे. परंतु त्यानें उतरविलेला भाव, गांवाकडची गाडी त्यास गांठावयाची आहे हें पाहून आणखी खालीं दाबावयाचा, म्हणजे कोमेजलेल्या पानाची नव्हे, थकलेल्या माणसाची किंमत करणें होय. दुसरा कोणी याच्या उलट टोंकास जाऊन म्हणेल कीं, मग भाव करूंच नये, मागेल त्याहून दहा रुपये अधिक द्यावे. हेंही आम्हांस मान्य नाहीं. शेतकरी तेथें भिक्षेस आलेला नाहीं. त्याच्या मालाचा दाम चुकता न करतां त्याच्या दारिद्र्यास दान देणें, हा त्याचा आणखी एक प्रकारचा उपमर्दच आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत एका दुकानदाराचा दृष्टान्त दिला आहे. तो अजाण गिऱ्हाइकास फसवीत नाहीं; लहान मूल आलें तरी इतरांच्याच भावानें माल देतो. कांटचा प्रश्न असा कीं, हें तो कर्तव्यबुद्धीनें करतो कीं धंद्याच्या सोयीसाठीं? आम्हांस त्या दृष्टान्ताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. विकणाऱ्यानें घेणाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊं नये, हें जर त्याचें कर्तव्य, तर घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या नडीचा फायदा घेऊं नये, हें यांचें. नीतिग्रंथांतून दुकानदारास पुष्कळ उपदेश आढळतो. गिऱ्हाइकास करणारे विरळा.

महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि नांवाच्या तपस्व्याची कथा आहे. त्यानें इतकें निश्चल तप केलें कीं पांखरांनीं त्याच्या जटांत घरटें बांधलें. आणि त्यास अभिमान झाला. तेव्हां त्यास ऐकूं आलें कीं, वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला येणार नाहीं. जाजलि शोध करीत गेला, तों तुलाधार आपल्या दुकानीं माल विकीत बसलेला. त्यानें आपल्या धर्माचें जें मर्म सांगितलें तें इतकेंच कीं, आपली तागडी सर्व भूतांच्या ठायीं सारखी आहे. धर्माचा निर्णय विचारावयास व्यासांनीं तपस्व्यास बाजारांत पाठविलें, ही गोष्ट बाजारास हलकें लेखणाऱ्यांनीं विसरूं नये. ज्यास थांबतां येतें त्यास आणि ज्यास येत नाहीं त्यास तीच तागडी लावावयाची, हाच त्या समतेचा आजच्या भाजीबाजारांतील अर्थ आहे असें आम्ही समजतों.

असो. भाव अवश्य करावा. परंतु जुडी खालीं ठेवून पाऊल उचलण्यापूर्वीं समोरचा मनुष्य आपल्याइतका थांबूं शकतो काय, एवढें मनाशीं विचारावें. थांबूं शकत असेल तर पुढें जावें. नसेल तर त्यानें सांगितलेला भाव द्यावा. सौदा झाल्यावर शेतकरी पुष्कळदां न मागतां चार मिरच्या, दोन काड्या कोथिंबीर वर घालतो. ती हक्कानें मागूं नये, आणि दिली तर नाकारूंही नये. त्या क्षणीं तो विक्रेता राहिलेला नसतो, दाता झालेला असतो.